पितृपक्षातली अपॉइंटमेंट

उन्हाळ्यात प्रमिलाताईंच्या घरी कुणी हात धुवायला निघालं की त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "निळा नळ सोडू नका, भाजाल!" दुबईच्या देरा भागातल्या जुन्या इमारतींची ही तऱ्हाच आहे. पाण्याची टाकी गच्चीवर आणि गच्चीवर जूनपासून आग, त्यामुळे गार पाण्याच्या नळाला चटका देणारं पाणी येतं. मग लोक गीझर बंद ठेवतात आणि घरातल्या एसीने त्याच्या टाकीत निवलेलं पाणी गार म्हणून वापरतात. लाल नळ गार, निळा नळ गरम. हे त्यांनी मला मी राहायला आले त्याच दिवशी समजावलं होतं, तेव्हा माझं सामान अजून लिफ्टपाशीच पडलं होतं.

आमची दारं समोरासमोर. मी इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते, एकटी राहते आणि लोकांच्या मते जरा फटकळ आहे. प्रमिलाताई माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, मूळच्या चिपळूणच्या. लग्न होऊन देरात आल्या त्या इथेच राहिल्या. नवरा, प्रकाशराव, एका ट्रेडिंग कंपनीत मालाच्या कागदपत्रांचं काम बघतात. एकुलती एक मुलगी आभा इथेच जन्मली, इथेच शिकली आणि लग्नानंतर वेदांगबरोबर स्वीडनला गेली. उमेओ नावाचं गाव, पार उत्तरेला.

प्रमिलाताईंची एक गोष्ट आमच्या मराठी मंडळात थट्टेचा विषय होती. इथे आम्ही सगळे सण शनिवार-रविवारी ढकलतो. गुढीपाडवा मंगळवारी असला तरी श्रीखंड शनिवारी, हळदीकुंकू तर जिला जेव्हा हॉल मिळेल तेव्हा. प्रमिलाताई मात्र तिथीला म्हणजे तिथीला. बुधवारी संकष्टी आली तर बुधवारीच मोदक, मग ते खायला घरात दोनच माणसं का असेनात. त्यांच्या भिंतीवरचं मराठी कॅलेंडर दर वर्षी चिपळूणहून यायचं आणि त्याच्याशिवाय त्या पान हलवायच्या नाहीत.

मी एकदा म्हटलं, "ताई, दुबईच्या आकाशातला चंद्र आणि चिपळूणचा चंद्र, मध्ये दीड तासाचा फरक आहे. तुमची तिथी तरी खरी कशावरून?"

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मृणाल, इथे ऋतू दोनच. बाहेर पडता येतं तो, आणि येत नाही तो. पाऊस नाही, थंडी नाही, झाडाला पालवी नाही. तिथी नसती तर माझी इतकी वर्षं कुठे गेली हे मला कळलंच नसतं गं."

मी तिथेच विषय सोडला. मी स्वतः शनिवारी तेल विकत घेत नाही, आणि याचं कारण विचारलं तर मलाही सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात आभाला दिवस गेल्याचं कळलं. डिसेंबरच्या मध्यावरची तारीख होती. तीन महिने होईपर्यंत प्रमिलाताईंनी कुणाला पत्ता लागू दिला नाही, पण मला लगेच कळलं, कारण बाईंनी एकदम स्वीडनच्या हवेची चौकशी सुरू केली. रोज संध्याकाळी आभाचा व्हिडिओ कॉल यायचा. इकडे बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, पडदे ओढलेले, एसीची घरघर. आणि तिकडे, आभा सांगायची, रात्री अकरालाही खिडकीत लख्ख उजेड. जूनमध्ये तिकडे मिडसमर नावाचा सण असतो. सगळं गाव सुट्टीवर जातं, दुकानं बंद, लोक फुलांचे मुकुट घालून नाचतात आणि नवे बटाटे नि व्हिनेगरमधले मासे खातात.

"आई, मला वासानेच उलटी झाली," आभा म्हणाली. "मला तुझ्या हातचा मेतकूट-भात हवाय. Just that."

"येतेच आहे मी," प्रमिलाताई म्हणाल्या. "नोव्हेंबरात येते आणि सव्वा महिना झाल्याशिवाय हलत नाही. बाळंतिणीचं सगळं मी बघणार. तू फक्त पडून राहायचं."

"Promise?"

"अगं, प्रॉमिस काय त्यात? तुझी आई आहे मी."

हे बोलताना त्यांचा चेहरा मी पाहिला होता. त्यावरच्या हट्टाला एक कारण होतं, आणि ते त्यांनी मला पूर्वी एकदा सांगितलं होतं. आभा जन्मली ती इथेच, ऐन जुलैत. प्रमिलाताईंची आई बाळंतपणाला चिपळूणहून यायची होती, व्हिसाही तयार होता. पण आईने निरोप पाठवला, गौरी-गणपती झाले की येते, घरच्या गौरी सोडून कशी निघू. शेवटी ती आलीच नाही. पहिलटकरीण बाई, नवरा सकाळी आठला जायचा तो रात्री यायचा, बाहेर पाऊल टाकता येत नाही असा उन्हाळा. शेजारी कुणी मराठी नाही. पडदे ओढलेल्या खोलीत त्या आणि ते तान्हं बाळ. "दुपारी मी न्हाणीघरात जाऊन रडायची," त्या म्हणाल्या होत्या. "बाळासमोर रडू नये म्हणतात. पण बाळ रडायला लागलं की मला वाटायचं, तिला उचलू नये, बाहेरचं दार उघडावं आणि सरळ चालत सुटावं." तेव्हा या गोष्टीला काही नाव असतं हे त्यांना माहीत नव्हतं. आपण वाईट आई आहोत, एवढंच त्यांना वाटत राहिलं. आपल्या मुलीवर ही वेळ येऊ द्यायची नाही, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

ऑगस्टपासून तयारी सुरू झाली. खारीक देरातल्या बाजारात हवी तशी मिळते. डिंक, बाळंतशेपा आणि अळीव आणायला आम्ही दोघी खाडी ओलांडून पलीकडे गेलो, घामाने भिजून परत आलो. लाडवात खसखस घालायची पद्धत. पण खसखशीवर या देशात बंदी आहे, त्यासाठी तुरुंगात जाण्याची तयारी लागते. म्हणून त्यांच्या लाडवांत तीळ असायचे. लोकरीची टोपडी विणायला घेतली. एसी अठरावर ठेवून, शाल पांघरून, बाई सराव करत बसायच्या.

"उणे वीसचा सराव अठरावर कसा होणार?" मी म्हणायची.

"तू गप. गणितवाली," त्या म्हणायच्या.

राहिला होता तो व्हिसा. युरोपच्या व्हिसासाठी इथे आधी अपॉइंटमेंट मिळवावी लागते आणि उन्हाळ्यात ती मिळणं मोठं कठीण. अख्खी दुबई सुट्टीला युरोपात पळत असते. प्रकाशराव ऑफिसात बसून रोज ती वेबसाइट उघडायचे. एक दिवस ते लवकर घरी आले, चेहरा उजळलेला. मी तिथेच चहा पीत होते.

"मिळाली!" ते म्हणाले. "कुणीतरी कॅन्सल केली असणार. पुढच्या गुरुवारी, सकाळी. यल्ला, चल, पेपर्स काढ."

प्रमिलाताईंनी कॅलेंडरकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"अहो, तो पितृपक्ष आहे."

"मग?"

"मग काय? आणि गुरुवार म्हणजे नवमी, अविधवा नवमी. सासूबाईंची तिथी. त्या दिवशी घरात पान वाढायचं सोडून मी फोटो काढून घ्यायला जाऊ? नातवंडाच्या कामाला? पहिल्याच शुभ कामाला?"

"अगं, फक्त बोटांचे ठसे द्यायचेत."

"घटस्थापनेनंतरची घ्या. दहा दिवसांनी काय बिघडतं?"

प्रकाशराव माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "ताई, जा हो. पितर काही व्हिसा ऑफिसात येऊन बसणार नाहीत." प्रमिलाताईंनी हात जोडले. "मृणाल, या एका गोष्टीत चेष्टा नको. लेकीच्या जिवाचा प्रश्न आहे." मुलीच्या बाबतीत कुठलीही अशुभाची सावली त्यांना नको होती. त्यामागे अडाणीपणा नव्हता, भीती होती, आणि भ्यालेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. संध्याकाळी आभाने फोनवर विनवलं, "आई, प्लीज, जो slot मिळेल तो घे." त्या म्हणाल्या, "तू काळजी करू नकोस गं, तुझ्याच भल्यासाठी आहे." प्रकाशरावांनी ती अपॉइंटमेंट सोडून दिली. गुरुवारी त्यांच्याकडे खीर-वडे झाले, मलाही पान होतं. खीर उत्तम झाली होती.

घट बसले. अपॉइंटमेंट नव्हती. दसरा झाला, दिवाळी झाली, प्रमिलाताईंच्या चकल्या मी शाळेत वाटल्या, अपॉइंटमेंट नव्हती. प्रकाशराव जेवताना फोन उघडत, देवळाच्या रांगेत उघडत. शेवटी एकदाची मिळाली ती नोव्हेंबर संपता संपता. कडक इस्त्रीची साडी नेसून बाई गेल्या आणि तासाभरात परत आल्या. चावी माझ्याकडे होती, दार मीच उघडलं. त्या सरळ आत जाऊन बसल्या. सांगितलं ते प्रकाशरावांनी.

प्रमिलाताईंचा इथला रहिवासी व्हिसा प्रकाशरावांच्या नोकरीवर, आणि तो जानेवारीत संपत होता. युरोपचा नियम असा की परत आल्यावर तो आणखी तीन महिने तरी शिल्लक पाहिजे. सप्टेंबरात त्या गेल्या असत्या तर निदान धावपळ करायला, कंपनीकडून तो आधीच वाढवून घ्यायला वेळ होता. आता काउंटरवरच्या माणसाने कागद उलटे फिरवून परत दिले होते. कंपनीचे म्हातारे मालक उन्हाळ्यात वारले होते. त्यांचा मुलगा, धाकटा शेठ, धंदा आवरता घ्यायच्या विचारात होता आणि प्रकाशराव साठीला आलेले. ते त्याच्या केबिनमध्ये गेले, आयुष्यात पहिल्यांदा काही मागायला.

"अंकल, जनवरी में देखते हैं ना," तो म्हणाला. "इन्शाल्ला हो जाएगा."

गल्फमध्ये ज्याने दिवस काढलेत त्याला हे इन्शाल्ला कळतं, ती नाही म्हणायची रीत असते. प्रकाशराव घरी आले, बूट काढले आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "तिथी सांभाळलीस ना? मग झालं." इतक्या वर्षांत मी त्यांना बायकोला टाकून बोलताना ऐकलं नव्हतं. प्रमिलाताईंनी मान खाली घातली. मला त्या दोघांची इतकी कीव आली की मी उठून माझ्या घरी गेले.

डिसेंबरात इथे हवा सुरेख असते. राष्ट्रीय दिनाची सुट्टी, रस्त्यांवर झेंडे, लोक खाडीकाठी जेवणाचे डबे घेऊन बसतात. प्रमिलाताईंनी खिडक्यासुद्धा उघडल्या नाहीत. तिकडे उमेओत दुपारी दोनला अंधार पडायचा. आभाचा चेहरा फोनवर पिवळट दिसायचा. ती म्हणाली, "आई, तिकडे ऊन आहे का? दाखव ना." मग त्या बाल्कनीत जाऊन फोन उन्हाकडे धरायच्या, हात भरून येईपर्यंत.

तारखेच्या दोन दिवस आधीच मुलगी झाली. त्या दिवशी तिकडे उजेडाचा सण होता. पांढरे झगे घातलेल्या मुली मेणबत्त्या घेऊन गात फिरतात आणि केशराचे पाव खातात. वेदांगने फोटो पाठवला. आभा पलंगावर टेकून बसली होती, मांडीवर ट्रे, त्यात ब्रेडचे गार तुकडे, चीज, पेल्यात सफरचंदाचा गार रस आणि मध्ये एक इवलासा स्वीडनचा झेंडा. तिथल्या दवाखान्यांची ती पद्धत आहे, कौतुकाची. प्रमिलाताईंनी तो फोटो पाहिला. बाळाच्या आधी त्यांना तो ट्रे दिसला.

"गार रस दिलाय गं तिला," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीला गार रस."

आणि मग त्या जे रडल्या ते मला अजून विसरता येत नाही. लाडवांचा डबा ओट्यावर होता. कुणाबरोबर तरी पाठवायची चौकशी केली, पण तुपाचे पदार्थ तिकडे विमानतळावरच काढून घेतात म्हणे. टोपडी तेवढी पोस्टाने गेली.

पुढचे दिवस वाईट गेले. वेदांगला घरी राहायची रजा होती, भला मुलगा आहे तो, रांधायचा, धुवायचा, बाळाला बाबागाडीत घालून बर्फात फिरवून आणायचा. पण आभा कॉलवर येईनाशी झाली. "झोपली आहे," वेदांग सांगायचा. दुपारी विचारलं तरी झोपलेली, संध्याकाळी विचारलं तरी झोपलेली. एकदा तो हळूच म्हणाला, "आई, ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून असते. नर्स येऊन बोलून गेली. ते म्हणतात, होतं असं, विशेषतः winter मध्ये." प्रमिलाताईंनी फोन ठेवला. त्यांना न्हाणीघर आठवलं असणार, मला ते विचारायची गरज नव्हती.

जानेवारीत धाकट्या शेठने काय मनात आलं कुणास ठाऊक, प्रकाशरावांचा व्हिसा वाढवला. जुन्या गिऱ्हाइकांना दुसरं कुणी ओळखत नव्हतं, एवढंच त्याचं कारण. युरोपच्या अपॉइंटमेंटही आता मोकळ्या होत्या. फेब्रुवारीत कुणाला जायचंय तिकडे? प्रमिलाताईंनी उमेओला फोन लावला तेव्हा मी समोर होते. बऱ्याच दिवसांनी आभा स्वतः आली. केस विंचरलेले, चेहरा शांत, जरा जास्तच शांत.

"आभा, व्हिसा झाला गं इथला! आता मी येऊ शकते."

आभाने खांद्यावरची शाल सारखी केली. मग म्हणाली, "आता नको, आई. आता गरज नाही. मी सवय करून घेतलीये. I'm fine."

"बरं," प्रमिलाताई म्हणाल्या. "बाळ कसं आहे?"

"बरी आहे. झोपलीये."

फोन बंद झाला. मी तोंड उघडलं, म्हटलं, पोरगी रागावलीये, होतं असं, चार दिवसांनी विचारा. प्रमिलाताईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"माझी आई निघाली होती," त्या म्हणाल्या. "तुला मी अर्धंच सांगितलं. गौरी झाल्या, दसरा झाला आणि ती निघाली. पिशवी भरून तयार होती. मी फोनवर सांगितलं, आता नको, आता गरज नाही. अगदी हेच शब्द. तेव्हाच मला ती सगळ्यात जास्त हवी होती. मला वाटलं, ती म्हणेल, गप बस, मी येतेय. ती म्हणाली, बरं."

मग त्या उठल्या. ओट्यावरचा लाडवांचा डबा उघडून वास घेतला. तूप खवट झालं होतं. सगळे लाडू त्यांनी पिशवीत भरून कचऱ्यात टाकले आणि प्रकाशरावांना हाक मारली, "अहो, पहिली मिळेल ती अपॉइंटमेंट घ्या."

पहिली मिळाली ती अमावास्येची, त्यात मंगळवार. प्रकाशरावांनी तारीख वाचली आणि घाबरून बायकोकडे पाहिलं. त्यांनी कॅलेंडरकडे मानसुद्धा वळवली नाही. म्हणाल्या, "घ्या म्हटलं ना."

त्या दिवशी मी शाळेतून रजा घेऊन त्यांना गाडीने नेलं. रमजान तोंडावर आला होता, दुकानांवर चंद्रकोरींच्या माळा लागल्या होत्या. काउंटरवर एक हिंदी बोलणारी तरुण मुलगी होती. तिने कागद चाळले, जावयाचं पत्र वाचलं.

"बेटी की डिलिव्हरी के लिए जा रही हैं आंटी? डेट कब की है?"

"हो गई," प्रमिलाताई म्हणाल्या. "दो महीने हो गए."

मुलीने मान वर केली. "फिर?"

प्रमिलाताईंनी पदर सारखा केला.

"फिर भी," त्या म्हणाल्या.

मुलीने कागद घेतले, बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला. पासपोर्ट किती दिवसांत परत येईल हे विचारलं तर म्हणाली, सांगता येत नाही, आता रमजानचे ऑफिसचे तासही कमी होतील. संध्याकाळी त्यांच्या घरी आम्ही तिघं बसलो होतो. त्यांनी फोन लावला. आभा बाळाला खांद्यावर टाकून अंधाऱ्या खोलीत उभी होती, दिवा लावलेला नव्हता.

"मी येतेय," प्रमिलाताई म्हणाल्या. "तू नको म्हण, काय म्हणायचं ते म्हण. मी येतेय."

तिकडे नुसतं बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. मला वाटलं, ही आता फोन ठेवणार. पण आभाने फोन तोंडाजवळ घेतला. आई उशिरा पोचली की शाळेच्या फाटकापाशी लहान मुली विचारतात, तसल्या बारीक, रडवेल्या आवाजात तिने विचारलं, "कधी?"

प्रमिलाताईंनी प्रकाशरावांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सांगायला त्यांच्याकडे तारीख नव्हती.